मनसोक्त हिंडता येणारी आकाशगंगा

अल्फा सेंटॉरी ही आपल्या सूर्याची सर्वांत जवळची शेजारीण. ‘एलिट डेंजरस’ या व्हिडिओ गेममध्ये तिथवरचे 4.3 प्रकाशवर्षांचे अंतर एका उडीत, मिनिटभराच्या आत, मागे पडते. मात्र तिथल्याच हटन ऑर्बिटल नावाच्या अवकाशस्थानकावर उतरायचे असेल, तर खरी कसोटी लागते. हे स्थानक मुख्य ताऱ्यापासून सुमारे 0.22 प्रकाशवर्ष दूर, प्रॉक्सिमा या तिसऱ्या ताऱ्याच्या परिसरात आहे. यानाचा वेग प्रकाशाच्या 2,001 पटींपर्यंत चढतो, तरीही खेळाडूला तासाभराहून अधिक काळ काळ्या पडद्यासमोर बसून राहावे लागते. प्रकाशाला हेच अंतर कापायला सुमारे 80 दिवस लागतील, तर सेकंदाला 17 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर-1 ला जवळजवळ 3,900 वर्षे. खेळ तयार करणाऱ्यांना हे अंतर सहज कमी करता आले असते. त्यांनी ते तसेच ठेवले, आणि जुने खेळाडू नवख्यांना हा प्रवास एकदा तरी करून यायला सांगतात. अंतराळ म्हणजे बहुतांशी पोकळी, हे वाक्य आपण शाळेत वाचतो. इथे ती पोकळी बसल्या जागी सोसावी लागते.

अशा खेळांना ठरलेला शेवट नसतो. एक यान, थोडे इंधन आणि समोर पसरलेले विश्व एवढेच हाती देऊन ते खेळाडूला मोकळे सोडतात. त्यांचे आकर्षण विश्वाच्या आकारात असल्याचे सर्रास सांगितले जाते. माझ्या मते ते तिथे नाही. विश्व कोणत्या नियमांनी बांधले आहे आणि ते नियम निसर्गाच्या नियमांच्या किती जवळ जातात, यावर सारे अवलंबून असते.

या परंपरेचा आरंभ 1984 मध्ये केंब्रिजला झाला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे तेव्हा विद्यापीठात शिकत होते आणि त्यांच्यासमोरच्या बीबीसी मायक्रो संगणकाची स्मृती होती अवघी 32 किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. तरीही त्यांच्या ‘एलिट’ या खेळात आठ दीर्घिका होत्या आणि प्रत्येकीत 256 ग्रह, प्रत्येक ग्रहाला स्वतःचे नाव, राज्यव्यवस्था, अर्थकारण आणि तंत्रज्ञानाची पातळी. यातले काहीच साठवलेले नव्हते. सुरुवातीला फक्त तीन संख्या घ्यायच्या, त्यांची बेरीज करायची, पहिली संख्या टाकून द्यायची, उरलेल्या दोन एकेक घर पुढे सरकवून बेरीज तिसऱ्या जागी ठेवायची आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचे. बेरीज 65,535 च्या पुढे गेली की वरचा भाग गळून पडतो. मिळणाऱ्या संख्यांच्या अंकांतून ग्रहाचे नाव आणि गुण ठरतात. सुरुवातीच्या संख्या त्याच असल्या की प्रत्येक संगणकावर, प्रत्येक वेळी, तेच ग्रह त्याच जागी सापडतात. या पद्धतीने 281 लाख कोटींहून अधिक दीर्घिका उभ्या करता आल्या असत्या. प्रकाशकांनी तो मोह टाळायला लावला, आणि तो सल्ला योग्यच होता, कारण इतक्या पसाऱ्यात एकसुरीपणा उघडा पडला असता.

तो धोका किती खरा आहे, हे 2016 मध्ये आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’ने दाखवले. त्यात 2 चा 64 वा घात इतके ग्रह आहेत. सेकंदाला एक या गतीने ते नुसते पाहायचे म्हटले तरी सुमारे 58,500 कोटी वर्षे लागतील, आणि आपल्या विश्वाचे वय 1,380 कोटी वर्षे आहे. सुरुवातीच्या आवृत्तीत पुष्कळ खेळाडूंना काही डझन ग्रहांनंतर सारे सारखेच वाटू लागले. तयार करणाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षे भर घालून तो खेळ समृद्ध केला, ही गोष्ट त्यांच्या चिकाटीची साक्ष देणारी आहे. पण केवळ संख्या मोठी केल्याने कुतूहल टिकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

2014 मध्ये आलेल्या ‘एलिट डेंजरस’ने दुसरी वाट धरली. त्यात आपली आकाशगंगा प्रत्यक्ष मापाने, सुमारे 40,000 कोटी तारासंस्थांसह, मांडली आहे. त्यांपैकी साधारण दीड लाखाच्या वर तारे खगोलशास्त्रज्ञांच्या सूचींतून जसेच्या तसे घेतले आहेत. उरलेले गणिताने घडवले जातात, पण मनाला येईल तसे नाही: आकाशगंगेच्या त्या भागात वस्तुमान किती, ताऱ्यांचे वय काय, जड मूलद्रव्ये कितपत, हे आधी ठरते आणि त्यातून तारे व ग्रह घडतात. त्यामुळे आकाशगंगेच्या गाभ्याकडे निघालेल्या खेळाडूला वाटेत ताऱ्यांची दाटी वाढत जाताना दिसते, आणि हे कोणी मुद्दाम सजवलेले दृश्य नसते.

2017 च्या फेब्रुवारीत सुमारे 40 प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-1 या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह असल्याचे जाहीर झाले, तेव्हा खेळाच्या आकाशगंगेतही जवळपास त्याच ठिकाणी एका मंद, थंड ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह आधीच तयार झालेले असल्याचे लक्षात आले. याला भाकीत म्हणणे चूक ठरेल. 40,000 कोटींमध्ये असा एखादा योग जुळणारच. तरीही नियम वास्तवाच्या वाटेनेच चालले असल्याशिवाय असा योग इतका नेमका जुळत नाही, असे मला वाटते.

नियम खरे असले की पाठ्यपुस्तकातली माहिती गरजेची होते. या खेळात प्रवासात इंधन भरायचे तर ताऱ्याच्या अगदी जवळून जाऊन त्याच्या बाह्य वातावरणातील हायड्रोजन गोळा करावा लागतो. तो मिळतो ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या वर्गांच्या ताऱ्यांपाशीच. तपकिरी बटू (तारा होता होता राहिलेले गोल), श्वेत बटू किंवा न्यूट्रॉन तारा (दोन्ही मृत ताऱ्यांचे अवशेष) यांच्यापाशी टाकी रिकामीच राहते. ही वर्गवारी खेळाने शोधलेली नाही. हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी काचपट्ट्यांवरील वर्णपट न्याहाळून साडेतीन लाखांच्या आसपास ताऱ्यांचे वर्गीकरण केले आणि तापमानानुसार लागणारा हा क्रम रूढ केला. सलग तीन-चार तपकिरी बटू लागून इंधन संपलेल्या खेळाडूला ही सात अक्षरे जन्मभर विसरता येत नाहीत. अशांच्या मदतीला ‘फ्युएल रॅट्स’ या नावाने एकत्र आलेले खेळाडू धावून जातात आणि आजवर त्यांनी हजारो अडकलेल्यांना, कसलाही मोबदला न घेता, इंधन पोहोचवले आहे.

‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या मेक्सिको सिटीत घडलेल्या खेळात कथा याहून थोडी, आणि भौतिकशास्त्र अधिक. खेळाडू स्वतः अग्निबाण जुळवतो आणि तो कोसळला तर कारण शोधतो. आपले यान आणि पुढचे यान एकाच कक्षेत आहेत, मधले अंतर काही किलोमीटर. आता काय करावे? साहजिकच इंजिन चालवून वेग वाढवावा असे वाटते. पण वेग वाढला की कक्षा मोठी होते, मोठ्या कक्षेला फेरी पुरी करायला जास्त वेळ लागतो, आणि पुढचे यान आणखी दूर जाते. त्याला गाठायचे तर आधी वेग कमी करून खालच्या, छोट्या कक्षेत उतरावे लागते. जून 1965 मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-4 या यानाचे अंतराळवीर जेम्स मॅक्डिव्हिट यांना नेमका हाच अनुभव आला होता: स्वतःच्याच अग्निबाणाच्या सुट्या झालेल्या टप्प्याकडे ते यान नेऊ पाहत होते आणि तो हातातून निसटत होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जेमिनी-6ए आणि जेमिनी-7 ही याने एकमेकांजवळ आणण्यात यश आले. आज चौदा-पंधरा वर्षांची मुले हा उलटा वाटणारा नियम हाताच्या सवयीने वापरतात.

चंद्रयान-3 च्या वेळीही याचा प्रत्यय आला. 14 जुलै 2023 ला निघालेले यान 5 ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत पोहोचले. त्याआधी पृथ्वीभोवती फेऱ्या मारत कक्षा का लांबवत नेली, असा प्रश्न पुष्कळांना पडला होता. पृथ्वीच्या अगदी जवळून, सर्वाधिक वेगाने जाताना इंजिन चालवले, तर तेवढ्याच इंधनातून यानाला अधिक ऊर्जा मिळते. कर्बल खेळलेल्यांना हे समजावून सांगावे लागले नाही.

या खेळाने सवलतीही घेतल्या आहेत. त्यातल्या ग्रहाची त्रिज्या फक्त 600 किलोमीटर आहे, त्यामुळे कक्षेत पोहोचायला पृथ्वीच्या मानाने फारच कमी वेग पुरतो. शिवाय यानावर एका वेळी एकाच गोलाचे गुरुत्वाकर्षण चालते, म्हणून भारताचे सौरवेधी यान आदित्य-एल1 ज्या लग्रांज बिंदूभोवती (सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा मेळ बसणाऱ्या जागेभोवती) फिरते, तसे बिंदू तिथे मुळातच नाहीत. शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर आणावा, पण एवढे सांगून.

खेळाडूंचे श्रम थेट संशोधनाला लागू शकतात, हेही सिद्ध झाले आहे. ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात 2017 मध्ये कोरो या अवकाश दुर्बिणीने नोंदलेले ताऱ्यांच्या तेजाचे आलेख खेळाडूंपुढे ठेवण्यात आले. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की तेज किंचित उतरते. तो खळगा माणसाच्या नजरेने हेरायचा होता. या उपक्रमाशी जिनिव्हा विद्यापीठाचे मिशेल मेयर जोडलेले होते, ज्यांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह शोधल्याबद्दल 2019 चे नोबेल विभागून मिळाले.

गाया या युरोपीय दुर्बिणीने आता सुमारे 180 कोटी ताऱ्यांची स्थाने मोजून दिली आहेत. तिच्या आधीच्या हिप्पार्कोसच्या सूचीत 1,18,218 तारे होते. पुढच्या पिढीच्या खेळांना गणिताने भरलेल्या ताऱ्यांच्या जागी मोजलेले तारे फार मोठ्या संख्येने बसवता येतील. त्यासोबत एक गोष्ट मात्र त्यांनी आवर्जून करावी. समोरचा तारा दुर्बिणीने पाहिलेला आहे की संगणकाने रचलेला, हे आज फक्त सूचीतल्या क्रमांकांची नावे ओळखणाऱ्या जुन्या खेळाडूंनाच कळते. ते प्रत्येक ताऱ्यावर, नवख्यालाही दिसेल असे, लिहिलेले असावे.