जनानखान्यात वाढलेले शहा

१६६६ साली इस्फहानच्या राजवाड्यात दरबारी मंडळी जनानखान्याच्या दाराशी आली आणि थोरल्या शहजाद्याला बाहेर पाठवा, असा निरोप त्यांनी आत धाडला. आत रडारड सुरू झाली. आईला वाटलं, पोराला मारायला आलेत, नाहीतर डोळे काढायला. खरं तर त्याचा बाप, दुसरा शहा अब्बास, वारला होता आणि मंडळी पोराला गादीवर बसवायला आली होती. झाँ शार्दां या फ्रेंच जवाहिऱ्याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

आईची भीती वेडगळ नव्हती. इराणचं सफवी घराणं नादान राजांमुळे बुडालं, असं आपण सहज म्हणून जातो. पण ही नादानी आली कुठून, हे शोधत गेलं की आपण त्या घराण्यातल्या सर्वांत कर्तबगार राजापाशी पोचतो.

पहिल्या अब्बासने १५८८ ते १६२९ राज्य केलं. त्याच्या आधी शहजाद्यांना लहानपणीच एखाद्या सुभ्यावर नेमत. सोबत ‘लाला’ म्हणजे वडीलधारा सरदार असे. पोरगा वसुली बघे, लढाई बघे, माणसं पारखायला शिके. या पद्धतीत धोकाही होता, कारण सरदार शहजाद्याला पुढे करून बंड करत. खुद्द अब्बास असाच बापाला बाजूला सारून गादीवर आला होता. म्हणून १६१५ मध्ये त्याने थोरल्या मुलाला मारवलं, पुढे दोघांचे डोळे काढवले आणि घराण्यातली मुलं जनानखान्यात ठेवायची रीत पाडली. तिथे खोजे आणि राजस्त्रिया, एवढंच त्यांचं जग.

निर्णय घेणं पोहण्यासारखं असतं, पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही. इतिहासात मुद्दाम प्रयोग करता येत नाहीत, पण इथे तुलना आपोआप घडली आहे. दुसरा अब्बास १६४२ मध्ये गादीवर आला तेव्हा जेमतेम ९ वर्षांचा होता. जनानखान्यातून लवकर सुटला, कारभार जाणत्यांच्या हाताखाली शिकला आणि १६४९ मध्ये त्याने मोगलांकडून कंदाहार परत घेतलं. त्याचा मुलगा, सुरुवातीच्या प्रसंगातला, बाहेर आला १८व्या वर्षी. आजारपण, धान्याची टंचाई, भूकंप अशी संकटं ओढवली तेव्हा मुहूर्त चुकला असं ठरवून १६६८ मध्ये ‘सुलेमान’ या नव्या नावाने त्याचा पुन्हा राज्याभिषेक झाला. नाव बदललं, कारभार तसाच राहिला. नातू सुलतान हुसेन पंचविशीत बाहेर आला. कुणी काही सुचवलं की ‘यख्शीदिर’, म्हणजे ‘बरं आहे’, म्हणायचा. लोकांनी तेच त्याचं नाव पाडलं. तीन माणसांवरून नियम काढू नये, हे मला मान्य आहे. तरी हा क्रम नजरेआड करवत नाही.

राजा एकटा राज्य बुडवत नाही. सुभेदार आपल्या सुभ्याच्या उत्पन्नातून फौज पोसत. पहिल्या अब्बासपासून, आणि त्याचा नातू सफीच्या काळात झपाट्याने, हे सुभे ‘खासा’, म्हणजे थेट राजाच्या मालकीचे, होत गेले. (आपल्या ‘खाशा स्वारी’तला खासा तो हाच.) पैसा खजिन्यात आला, फौज मात्र विरली. खासा मुलुखावरचे अधिकारी वसुलीपुरते, त्यांना रयतेचं काय? १६३९ मध्ये तुर्कांशी तह झाला आणि पश्चिम सीमा शांत झाली, त्यामुळे ही पोकळी कित्येक वर्षं कुणाला जाणवली नाही. त्यात इराणात चांदीच्या खाणी अगदी थोड्या. रेशीम विकून आलेली चांदी हिंदुस्थानच्या कापडापायी बाहेर जाई.

१७०९ मध्ये कंदाहारच्या घिलजई अफगाणांनी जुलमी सुभेदाराला मारलं. पुढे काही वर्षांत हेरातचे अब्दालीही उठले. १७६१ ला पानिपतावर मराठ्यांसमोर आलेला अहमदशाह त्याच टोळीतला. ८ मार्च १७२२ रोजी इस्फहानजवळ गुलनाबादला महमूद घिलजईच्या लहानशा फौजेने शाही सैन्य मोडलं आणि राजधानीला वेढा घातला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. लोकांनी घोडी, गाढवं खाल्ली, मग कुत्री-मांजरं, झाडांच्या साली, जोड्यांचं कातडं, शेवटी माणसांची प्रेतंसुद्धा.

२३ ऑक्टोबरला सुलतान हुसेन शहराबाहेर अफगाण छावणीत गेला आणि आपला राजतुरा त्याने स्वतःच्या हातांनी महमूदच्या पागोट्यात खोवला.