सेंट अ‍ॅब्स

स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, बेरिकशरमध्ये उत्तर समुद्राकाठी वसलेले मच्छीमारांचे छोटे गाव. पूर्वीचे नाव कोल्डिंगॅम शोअर. फार पूर्वी येथे वस्ती नव्हती. होड्या तेवढ्या असत आणि मच्छीमार आत कोल्डिंगॅमला राहत. जाळी-टोपल्या खांद्यावर घेऊन ते रोज दोन-अडीच किलोमीटर चालत येत. किनाऱ्यावर घरे उभी राहिली ती अठराव्या शतकात. १८८५ मध्ये एडिनबरोचे मद्यउत्पादक अँड्र्यू अशर यांनी लगतची नॉर्थफील्ड इस्टेट विकत घेतली, गावाच्या सोयींसाठी पैसा ओतला आणि नवे नावही त्यांच्याच काळात रूढ झाले. ते सातव्या शतकातील एब्बा या नॉर्थम्ब्रियन राजकन्येवरून आले आहे. तिने जवळच्या टेकडीवर मठ स्थापला होता.

येथे मासळीची ददात कधी नव्हती. धोका होता तो वाऱ्याचा आणि खडकांचा. १४ ऑक्टोबर १८८१ च्या वादळात या किनाऱ्यावरचे १८९ मच्छीमार बुडाले. सर्वाधिक, १२९ जण, शेजारच्या आयमथचे होते. कोल्डिंगॅम शोअरच्याही तिघांचा त्यांत समावेश होता. १९०७ मध्ये ‘आल्फ्रेड एर्लान्डसेन’ ही डॅनिश आगबोट गावासमोरच्या एब कार खडकांवर फुटली. माणसे बुडत होती ती किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर. पण बचावनौका आयमथहून यायची होती. जेन हे या स्थानिक महिलेने गावासाठी स्वतंत्र बचावनौकेचा आग्रह धरला आणि १९११ मध्ये राष्ट्रीय बचावनौका संस्थेने येथे केंद्र उघडले. २०१५ मध्ये ते बंद झाल्यावर गावकरी गप्प बसले नाहीत. लोकवर्गणी आणि टनॉक या बिस्किट कंपनीची मोठी देणगी यांतून २०१६ मध्ये गावाची स्वतःची बचावनौका पाण्यात उतरली. गावाच्या इतिहासातले हे सर्वांत अभिमानास्पद पान म्हणावे लागेल.

गावाच्या उत्तरेचे सेंट अ‍ॅब्स हेड हे भूशिर सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहे. आजूबाजूच्या गाळाच्या खडकांपेक्षा तो चिवट, म्हणूनच समुद्राचा मारा सोसून हे कडे ताठ उभे आहेत. तेथील दीपगृह १८६२ मध्ये डेव्हिड व टॉमस स्टीव्हन्सन या बंधूंनी बांधले. मनोरा बुटका आहे. उंची कड्याचीच पुरते.

वसंतात या कड्यांच्या अरुंद कपारींत गिलेमॉट, रेझरबिल आणि किटिवेक हे समुद्रपक्षी दाटीवाटीने अंडी घालतात. गिलेमॉट घरटे बांधतच नाही. अंडे थेट उघड्या खडकावर. किटिवेक मात्र चिखल व गवताचे घरटे कड्याला चिकटवतो. किटिवेकांची संख्या गेल्या काही दशकांत खूप घटली आहे आणि २०२२ च्या बर्ड फ्लूने समुद्रपक्ष्यांना आणखी फटका दिला. शरदात कड्यांखालच्या किनाऱ्यांवर करड्या सील माद्या वितात. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात येथील सुमारे ८०० पिल्ले दगावली असावीत, असा अंदाज आहे.

पाण्याखालचे जगही तेवढेच समृद्ध आहे: केल्प या मोठ्या समुद्रशेवाळाची दाट राने, मऊ प्रवाळ, थंड पाण्यातला जाडजूड वुल्फफिश मासा. सेंट अ‍ॅब्स ते आयमथ हा पट्टा १९८४ मध्ये ऐच्छिक सागरी राखीव क्षेत्र झाला. सक्ती नसली तरी पाणबुडे येथील जिवंत काहीही वर न आणण्याचा नियम पाळतात. मच्छीमार आजही टोपल्या लावून शेवंड आणि खेकडे पकडतात.