बीआय अ‍ॅडमिन: बिझनेस इंटेलिजन्स सॉफ्टवेअरचा प्रशासक

कंपनीचा विक्री, खर्च, स्टॉक, वसुली असा सगळा डेटा एकत्र करून त्याचे रिपोर्ट आणि डॅशबोर्ड दाखवणारं जे सॉफ्टवेअर असतं, ते चालू ठेवणारा, कोणाला काय दिसावं ते लावून देणारा आणि डेटा वेळेवर ताजा होतोय ना यावर नजर ठेवणारा माणूस म्हणजे बीआय अ‍ॅडमिन. बरेच जण त्याला रिपोर्ट बनवणारा समजतात पण ते काम डेव्हलपरचं नाहीतर अ‍ॅनालिस्टचं. छोट्या कंपनीत अर्थात दोन्ही एकाच्याच गळ्यात पडतं.

आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्येच बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिमची कल्पना मांडली होती, फक्त त्यांच्या डोक्यात कागदपत्रं योग्य माणसापर्यंत आपोआप पोचवायचा विचार होता. आज आपण जे म्हणतो त्या अर्थाने हे नाव १९८९ नंतर विश्लेषक हॉवर्ड ड्रेसनर यांच्यामुळे रुळलं. २००७-०८ च्या सुमारास बीआय सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी हायपेरियन ओरॅकलने, बिझनेस ऑब्जेक्ट्स एसएपीने आणि कॉग्नोस आयबीएमने विकत घेतलं. तोवर रिपोर्ट हवा असेल तर आयटीकडे मागणी टाकायची आणि वाट बघत बसायचं अशीच पद्धत होती. पुढे टॅब्लो आणि २०१५ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयसारख्या टूल्समुळे जो तो स्वतःच रिपोर्ट बनवायला लागला आणि अ‍ॅडमिनचं काम तिथेच बदललं, सर्व्हर सांभाळण्यापेक्षा हा पसारा आवरणं जास्त झालं.

सगळ्यात जास्त डोकं परवानग्यांमध्ये जातं. साधा नियम असा की परवानगी माणसाला नाही, ग्रुपला द्यायची, म्हणजे माणूस दुसऱ्या विभागात गेला की ग्रुप बदलला की झालं. एकच रिपोर्ट पण प्रत्येक मॅनेजरला फक्त आपल्याच विभागाचे आकडे दिसावेत यासाठी रो लेव्हल सिक्युरिटी लावतात आणि इथे फसायला फार सोपं आहे. पॉवर बीआयमध्ये हे बंधन वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवायची सामायिक जागा) व्ह्यूअर म्हणजे नुसते बघणारे असतील त्यांनाच लागतं, बदल करू शकणारे कॉन्ट्रिब्यूटर, मेंबर आणि अ‍ॅडमिन यांना लागतच नाही. म्हणजे एखादा मॅनेजर म्हणाला की चार्टचा रंग बदलायचाय आणि आपण पटकन त्याला कॉन्ट्रिब्यूटर केलं तर रंग बदलेल, पण त्याच क्षणापासून त्याला सगळ्या विभागांचे आकडे दिसायला लागतील, आणि कुठेही एरर नाही की वॉर्निंग नाही. तसंच ‘पब्लिश टू वेब’ हा ऑप्शन, त्याने तयार झालेली लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला लॉगिन न करता रिपोर्ट दिसतो. हा ऑप्शन मोजक्या लोकांपुरताच चालू ठेवावा, माझ्या मते तर बंदच बरा.

दुसरं मोठं काम रिफ्रेशचं, म्हणजे रिपोर्टमधला डेटा ताजा करण्याचं. पॉवर बीआयच्या प्रो लायसन्सवर दिवसाला ८ वेळा शेड्यूल लावता येतं आणि लागोपाठ ४ वेळा रिफ्रेश फेल झाला की शेड्यूल आपोआप बंद पडतं. फेल होण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी फालतू असतात: सर्व्हिस अकाउंटचा (सॉफ्टवेअर ज्या खात्याने लॉगिन करतं त्याचा) पासवर्ड बदलला, गेटवेचं (कंपनीतला डेटा पॉवर बीआयपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर) मशीन रीस्टार्ट होऊन सर्व्हिस उठलीच नाही, किंवा ज्याच्या क्रेडेन्शियलवर (लॉगिन आणि पासवर्ड) रिफ्रेश चालत होता तो माणूस नोकरी सोडून गेला. हे निदान दिसतं तरी. खरा त्रास न दिसणाऱ्या चुकीचा, म्हणजे वेअरहाऊसचा लोड (एकत्र डेटा साठवायच्या डेटाबेसमध्ये नवा डेटा भरणं) संपतो पहाटे ५ ला आणि रिफ्रेश लावलाय ४ चा, मग रोज हिरवी टिक येते आणि रोज कालचाच डेटा दिसतो. म्हणून घड्याळ बघून शेड्यूल लावण्यापेक्षा लोड संपला की त्यानेच रिफ्रेश सुरू करावा आणि रिपोर्टवर डेटा कुठल्या वेळेपर्यंतचा आहे ते ठळक लिहावं.

बॅकअप सगळेच घेतात, रिस्टोर करून बघणारे कमी. एसएपी बिझनेस ऑब्जेक्ट्समध्ये सीएमएस डेटाबेस (रिपोर्टची यादी) आणि फाइल रिपॉझिटरी (रिपोर्टच्या फाइली) या दोन्हीचा बॅकअप एकाच वेळचा लागतो, नाहीतर रिस्टोर केल्यावर यादीत रिपोर्टचं नाव असतं आणि फाइलच नसते. टॅब्लो सर्व्हरच्या बॅकअप फाइलमध्ये सर्व्हरची कॉन्फिगरेशन येत नाही, ती वेगळी एक्स्पोर्ट करून ठेवावी लागते. पॉवर बीआय गेटवेची रिकव्हरी की (तो परत उभा करायची गुप्त किल्ली) हरवली तर तोच गेटवे दुसऱ्या मशीनवर उभा करता येत नाही.

लायसन्सची साफसफाईही अ‍ॅडमिनकडेच, सोडून गेलेल्यांचे आयडी बंद करायचे, त्यांच्या नावावरचे रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर करायचे, महिनोन्महिने कोणी न उघडलेले रिपोर्ट विचारून काढून टाकायचे. कंटाळवाणं आहे पण टाळून चालत नाही.

यायला काय पाहिजे म्हणाल तर पहिलं एसक्यूएल (डेटाबेसमधून डेटा मागायची भाषा, त्यातली एक मागणी म्हणजे क्वेरी), कारण स्लो डॅशबोर्डची तक्रार आली की बहुधा शेवटी एखाद्या क्वेरीपाशीच येऊन थांबतो. मग विंडोज किंवा लिनक्स सर्व्हर, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतल्या युजर आणि ग्रुपची नोंद), सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनवर सगळं उघडणं), सर्टिफिकेट, लॉग वाचायची सवय, आणि तीच ती कामं हाताने करायची नसतील तर पॉवरशेल किंवा पायथनमधून एपीआय (प्रोग्रॅमने सॉफ्टवेअरला कामं सांगायची सोय) वापरता यायला हवेत. पण ‘आकडा चुकतोय’ असा फोन आला की निम्मं काम बोलण्याचं असतं: फिल्टर कुठला लावलाय, रिफ्रेश कधीचा आहे, दोघांना दिसणारे रो वेगळे आहेत का, हे एकेक करून विचारत जायचं. पुष्कळदा दोन्ही आकडे बरोबरच निघतात, सेल्सवाल्यांनी विक्री ऑर्डरच्या तारखेने मोजलेली असते आणि अकाउंट्सने बिलाच्या तारखेने. यातली कुठली खरी मानायची हे अ‍ॅडमिनने ठरवू नये, दोन्ही विभागांना एकत्र बसवून व्याख्या लेखी घ्यावी आणि मान्य झालेल्या डेटासेटला ‘सर्टिफाइड’ शिक्का लावावा.

अपग्रेड आधी टेस्ट सर्व्हरवरच करतात. जास्त वापरातले रिपोर्ट निवडून अपग्रेडच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून जुळवतात, उघडायला किती सेकंद लागले तेही टिपतात आणि जुन्या व्हर्जनवर परत कसं जायचं ते लिहून झाल्याशिवाय प्रॉडक्शनला (रोजच्या वापरातल्या सर्व्हरला) हात लावत नाहीत.