शिंगांची ओळख : तुमच्या प्राण्याच्या डोक्यावर काय आहे आणि ते किती वेळा सापडतं

नमस्कार.

खोक्यातला पेंढा बाजूला केलात की सगळ्यात आधी आमच्या मातीच्या खेळण्यातल्या प्राण्याची शिंगं हाताला लागतात. तिथं धरून उचलू नका. एक तळवा पोटाखाली घाला, दुसरा हात पाठीवर ठेवा आणि मग प्राणी बाहेर काढा. आमच्याकडून नीट गेलेले प्राणी खोकं उघडतानाच मोडतात, आणि फोन आला की आम्हालाही तितकंच वाईट वाटतं.

पोटाखाली सुतळीनं बांधलेली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर जात, शिंगाचा प्रकार, भट्टीचा क्रमांक आणि नगाचा क्रमांक लिहिलेला आहे. ती फेकू नका. फोनवर आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं ते हेच, “आमच्या प्राण्याचं शिंग दुर्मिळ आहे का हो?” त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक छापलं. मागच्या बाजूला हाच मजकूर कन्नडमध्ये आहे.

आमच्या तीन जाती

हे प्राणी कुठल्याही पुराणातले नाहीत, कुठल्या जंगलातही सापडायचे नाहीत. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात, आमच्या कार्यशाळेत मातीचे हात घेऊन बसलो असताना ते सुचले. पण त्यांना राहायला जागा मात्र आम्ही इथलीच दिली.

मळव्या हा पूर्वेकडच्या काळ्या रानातला. बैलहोंगल, गोकाकच्या बाजूचं शेत डोळ्यांसमोर आणा. खांदा बैलाचा, पाय मुंगसाचे, मान आखूड. घाटव्या कणकुंबीकडच्या दाट झाडीतला. तोंड हरणाचं, कान लांब, शेपूट बिबट्याची. डोहक्या मलप्रभा नदीच्या डोहात राहतो. त्याच्या अंगावर खवले आहेत आणि शिंगं पाठीला चिकटल्यासारखी मागे झुकलेली असतात. पाण्यात सुळकन जाणाऱ्या प्राण्याला आडवी पसरलेली शिंगं कशी चालतील? आमच्याकडे शिंगाचा आकार असा ठरतो. आधी प्राणी कुठं राहतो, काय खातो, कुणाशी झुंजतो ते ठरवायचं, मग डोक्याला हात लावायचा.

शिंग आणि सांबरशिंग

मराठीत आपण दोन्हींना शिंगच म्हणतो, पण त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. बैल, म्हैस, गवा, काळवीट यांचं शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वरून आपल्या नखांसारख्या द्रव्याचं टोपण. ते जन्मभर वाढतं, गळत नाही, त्याला फाटे फुटत नाहीत. चितळ आणि सांबर यांचं शिंग नुसत्या हाडाचं असतं. वाढताना त्याच्यावर मखमलीसारखी कातडी असते, ती सुकून निघते, आणि पुढं ते शिंगच गळून पडतं. मग नवं येतं. हे फक्त नरालाच असतं. गव्यात नर-मादी दोघांनाही शिंगं असतात. गेंड्याची गोष्ट तर तिसरीच. त्याच्या शिंगात हाडाचा गाभाच नसतो.

हे सगळं सांगायचं कारण घाटव्या. आमच्या तीन जातींत फाटे असलेलं सांबरशिंग त्यालाच येतं, आणि ते गळतं. उन्हाळ्यातल्या एका भट्टीत आम्ही मुद्दाम शिंगं झडलेले घाटवे करतो. त्यांच्या डोक्यावर दोन गोल, खरबरीत खुणा असतात, चिठ्ठीवर ‘झडलेला’ असं लिहिलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यात असे बरेच प्राणी ‘शिंग तुटून आलं’ म्हणून परत आले. तुटलेलं नाही. खुणेवर बोट फिरवून बघा, कडा गुळगुळीत घासलेली आहे. तुटलेल्या मातीची कडा बोटाला टोचते.

प्रकार

एका भट्टीत आमचे ४० नग मावतात. त्यातले १८ खुंटीचे असतात : आखूड, सरळ, अंगठ्याएवढं शिंग. तिन्ही जातींत आढळतं. पिल्लांच्या डोक्यावर नुसता उंचवटा असतो, त्याला आम्ही कोंब म्हणतो आणि तोही खुंटीतच मोजतो. कोंब हा शब्द आम्हाला फार आवडतो. कन्नडमध्ये शिंगाला ‘कोंबु’ म्हणतात, मराठीत कोंब म्हणजे नुकता फुटलेला अंकुर. आमच्या दुकानात दोन्ही भाषांची पोरं येतात आणि कुणालाच समजावून सांगावं लागत नाही.

९ नग कमानीचे. खिलार बैलाचं शिंग मुळाशी जाड, मागे जाऊन वर वळणारं आणि टोकाला निमुळतं असतं, तो आकार डोक्यात ठेवून मळव्याची कमान घडवली. डोहक्याची कमान पंढरपुरी म्हशीवरून घेतली. ती म्हैस ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको, शिंग थेट खांद्याच्याही मागे गेलेलं असतं. एवढं लांब शिंग मातीत करायचं म्हणजे पोकळच करावं लागतं. भरीव केलं तर वजनानं मान वाकते. पोकळ केलं तर आत कोंडलेली ओल भट्टीत वाफ होऊन शिंग फोडते. म्हणून शिंगाच्या मुळाशी सुईनं एक भोक पाडतो. डोहक्याच्या कानामागे ते तुम्हाला दिसेल. तो दोष समजू नका.

५ नग एकशिंगी. इथं बऱ्याच ग्राहकांचा हिरमोड होतो, कारण एकशिंगी म्हणजे सगळ्यात दुर्मिळ अशी सगळ्यांची समजूत. पण आपल्याच भूमीवरचा जुना पुरावा बघा. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सगळ्यात जास्त वेळा कोरलेला प्राणी एकशिंगीच आहे. हत्ती, गेंडा, वाघ, मोठ्या वशिंडाचा बैल हे सगळे मिळूनही त्याच्याएवढे भरत नाहीत. चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांना जो सगळ्यात ओळखीचा होता, त्याला आम्ही दुर्मिळ म्हणणं मनाला पटेना. शिवाय मातीकाम करणाऱ्याला विचाराल तर कपाळाच्या मधोमध बसवलेलं एक शिंग सगळ्यात नीट वाळतं. दोन्ही बाजूंनी सारखा वारा लागतो.

४ नग पिळाचे, आणि आमचा सगळा जीव या चार नगांत अडकलेला असतो. काळविटाच्या शिंगाला तीन-चार वेढे असतात आणि प्रत्येक वेढ्यावर कडी चढवल्यासारखा उंचवटा. तसा पीळ घालायचा तर मातीची वळी दोन तळव्यांत एकाच दिशेनं फिरवत न्यायची, थांबायचं नाही, पाणी जास्त लावायचं नाही. पाणी जास्त झालं की पीळ सैल पडतो, कमी पडलं की उलतो. मग मुळाशी आणि डोक्यावर रेघोट्या पाडायच्या, मध्ये पातळ राडा लावायचा आणि दाबून बसवायचं. एवढं करून शिंग वाळायला लागलं की खरी काळजी सुरू होते. डोकं जाड, शिंग बारीक. शिंग आधी सुकून आकसतं, डोकं अजून ओलंच, आणि सांध्यावर केसाएवढी चीर जाते. त्यासाठी शिंगाला ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळून ठेवतो आणि दिवसातून तीनदा ती बदलतो. खानापूरच्या पावसाळ्यात एक पिळाचा प्राणी पूर्ण सुकायला तीन आठवडेही लागतात. भट्टीतून निघतानाही घाई चालत नाही. मातीतल्या गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या कणांचं आकारमान ५७३ अंश सेल्सियसला एकदम बदलतं, त्या टप्प्यावर गार वारा लागला की बारीक अंग तडकतं. म्हणून भट्टी रात्रभर उघडत नाही. सकाळी दार काढलं की आधी पिळाकडेच नजर जाते. नखानं हलकी टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर साजरं, बद्द वाजलं तर आत चीर आहे, तो नग बाजूला. ४ नग विकायला काढायचे तर आम्हाला सहा-सात घडवावे लागतात.

३ नग सांबरशिंगाचे, त्याबद्दल वर सांगितलंच आहे. उरलेला १ चौशिंगाचा. खरा चौशिंगा हरिणाएवढाही उंच नसतो. त्याच्या दोन कानांच्या मध्ये मोठी जोडी आणि कपाळावर पुढं लहान जोडी असते, आणि तीही फक्त नराला. आम्ही तेच प्रमाण ठेवलं. चारही शिंगं एकाच उंचीची दिसली तर तो प्राणी आमचा नव्हे.

काजळी हा आकार नाही, रंग आहे. भाजून झालेल्या प्राण्याचं नुसतं शिंग लाकडाच्या भुशात पुरून भुसा धुमसत ठेवला की धुराचा काळेपणा मातीत मुरतो. कुठल्याही प्रकाराला तो करून मिळतो.

सशाचं शिंग

जुन्या तर्कशास्त्रात जे असूच शकत नाही त्याला वंध्यापुत्र, आकाशपुष्प आणि शशशृंग ही उदाहरणं देतात. शशशृंग म्हणजे सशाचं शिंग. आम्हाला वाटलं, आपले प्राणीच कल्पनेतले, मग हे शिंग आपल्याकडे नाही तर कुठं असणार? दर दहाव्या भट्टीत एका घाटव्याच्या दोन लांब कानांच्या मध्ये तुरीच्या दाण्याएवढं एक शिंग आम्ही बसवतो. म्हणजे ४०० नगांत एक. त्याच्या चिठ्ठीवर आम्ही ‘खुंटी’ असंच लिहितो आणि दरही खुंटीचाच घेतो. ते शोधायचं काम तुमचं. तुमच्याकडे घाटव्या असेल तर कानांच्या मधल्या खाचेत बोट फिरवून बघा. सापडलं तर चिठ्ठी घेऊन या, तिच्यावर आम्ही हातानं शशशृंग लिहून देऊ.

दर आणि दुर्मिळपणा

हे दोन वेगळे आहेत आणि आम्ही ते वेगळेच ठेवणार. दर ठरतो हाताला लागणाऱ्या वेळावर. पिळाचा प्राणी महाग आहे कारण त्याला दिवस लागतात. एकशिंगीला तेवढे लागत नाहीत, म्हणून तो खुंटीपेक्षा थोडाच वर आहे. भट्टीतलं १८, ९, ५, ४, ३, १ हे प्रमाण आम्ही पहिल्या दिवशी ठरवलं आणि मागणी कितीही आली तरी ते बदललेलं नाही. एका गावातल्या दुकानदारानं आमचे खुंटीचे मळवे घेऊन त्यांच्या शिंगांना सोनेरी रंग दिला आणि ‘सोनशिंगी, अतिदुर्मिळ’ म्हणून तिप्पट भावानं पोरांना विकले. एक मुलगी वर्षभर साठवलेले पैसे घालवून तसला प्राणी घेऊन आमच्याकडे आली होती. तिला काय सांगायचं ते त्या दिवशी सुचलं नाही. तेव्हापासून चिठ्ठीवर भट्टीचा आणि नगाचा क्रमांक टाकतो. सोनेरी शिंग आम्ही करत नाही. क्रमांक फोनवर सांगा, आमच्या वहीत बघून तो कुठल्या प्रकारचा आहे ते लगेच सांगू. दुसऱ्या कुणाकडून घेताना पैसे देण्याआधी विचारा.

आणखी एक. काही जण विचारतात, खरं सांबरशिंग लावून द्याल का, आमच्याकडे रानात पडलेलं आहे. नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गळून पडलेल्या शिंगाचीही खरेदी-विक्री करता येत नाही. भीमगडचं जंगल आपल्या तालुक्यात आहे, २०११ पासून ते अभयारण्य आहे. तिथलं शिंग तिथंच राहू दे. आमची सगळी शिंगं मातीची आहेत.

मोडलं तर

चिकोडीकडचा एक दुसरीतला मुलगा आजोबांबरोबर आला. त्याच्या मळव्याचं डावं शिंग अर्ध्यात मोडलं होतं. आम्ही बदलून नवा प्राणी पुढं केला, तर त्यानं जुना छातीशी धरला आणि म्हणाला, “ह्योच पायजे. ह्यो वाघाबरबर लढलाय.” आजोबा शेतकरी. त्यांनी सहज विचारलं, “बेंदराला बैलाच्या शिंगाला शेंबी घालतो तशी ह्याला बसंल का?” दुसऱ्या दिवशी बाजारातून पितळी पत्रा आणला, त्याची बोटाच्या पेराएवढी शेंबी वळली आणि मोडलेल्या टोकावर बसवली. मुलाच्या चेहऱ्याकडे बघत राहावंसं वाटलं.

तेव्हापासून मोडशिंग्या हा आमचा वेगळा प्रकार आहे. तो भट्टीत होत नाही आणि मागवून मिळत नाही. प्राणी तुमच्या घरी राहून, खेळून मोडला तरच तो मोडशिंग्या होतो. शेंबी बसवून नवी चिठ्ठी देतो, तिच्यावर कसा मोडला ते तुम्ही सांगाल त्या शब्दांत लिहितो. एरवी पितळेचा खर्च तेवढा घेतो. कर्नाटकी बेंदराच्या, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेच्या आठवड्यात शेंबी फुकट बसवून मिळेल. घरी चिकटवायचा प्रयत्न करू नका, डिंक सांध्यात गेला की शेंबी बसत नाही. येताना मोडलेला तुकडा सोबत आणा, कितीही बारीक असला तरी.