पर्यावरणीय ईश्वरविज्ञान, ख्रिस्ती

सृष्टीनिर्मितीच्या ख्रिस्ती शिकवणीचा पर्यावरणाचा ऱ्हास व हवामानबदल यांच्या संदर्भात केलेला फेरविचार आणि त्यातून निघणारा नीतिविचार.

या विचाराला धार आली ती एका आरोपामुळे. अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माला अतिशय मानवकेंद्री ठरवले आणि निसर्गाच्या लुटीचे मूळ त्यात दाखवले. वादाचे केंद्र बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील १:२८ हे वचन, ज्यात देव माणसाला पृथ्वीवर आणि प्राण्यांवर सत्ता देतो. तेथे ‘काबाश’ आणि ‘रादा’ ही दोन हिब्रू क्रियापदे आहेत. पहिल्यात जिंकून पायाखाली घेण्याची छटा आहे, दुसरे राजाच्या अंमलाला लावतात. प्रचलित मराठी बायबलमध्ये मात्र ‘सत्तेखाली आणा’ आणि ‘सत्ता चालवा’ असे दोन्हीकडे ‘सत्ता’च येते, त्यामुळे हा भेद मराठी वाचकाच्या लक्षात येत नाही. व्हाइट यांचे टीकाकार बायबलमधील यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकातील ३४ व्या अध्यायाकडे बोट दाखवतात. कळपावर जुलमाने अंमल चालवणाऱ्या मेंढपाळांचा तेथे धिक्कार आहे आणि क्रियापद ‘रादा’च आहे. उत्पत्ती २:१५ मध्ये तर माणसाला बागेची ‘मशागत व राखण’ सोपवली आहे. मूळ ‘आबाद’चा अर्थ सेवा करणे असाही होतो, तो ‘मशागत’ या शब्दात उतरत नाही. ‘शामार’ म्हणजे राखणे. भावाला मारणारा आदामाचा मुलगा काइन ‘मी भावाचा राखणदार आहे काय?’ असे विचारतो, त्या प्रश्नातही हाच धातू आहे. (कोकणात राखणदार म्हटले की गावाची वेस सांभाळणारा आठवतो, अर्थ फारसा दूर नाही.) राखणीचा अर्थ मूळ पाठाला अधिक जवळचा वाटतो, तरी ‘काबाश’ची कठोरता त्याने पुसली जात नाही.

व्हाइट यांनीच असिसीच्या संत फ्रान्सिस यांना पर्यावरणवाद्यांचे आश्रयदाते करावे असे सुचवले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये तशी घोषणा केली. पुढे ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाचे पेट्रिआर्क (सर्वोच्च धर्मगुरू) बार्थोलोम्यू यांनी १९९७ मध्ये निसर्गाविरुद्धच्या अपराधाला ‘पाप’ म्हटले. पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ (२०१५) या विश्वपत्रात (पोपने साऱ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या पत्रात) पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्याचे आवाहन आहे, तसेच श्रीमंत देशांवरील ‘पर्यावरणीय ऋणा’चा मुद्दाही.

कॅथलिक चर्चच्या मुंबई महाधर्मप्रांतात (आर्चडायसिसमध्ये) पर्यावरणासाठी स्वतंत्र कार्यालय आहे. १९९८ मध्ये ज्याचा वेगळा धर्मप्रांत झाला त्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ चळवळीतून हा विचार मराठीत आणि रस्त्यावर आणला. पण परिसरातील जुना धागा ईस्ट इंडियन या मुंबई-वसई भागातील स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या ‘आगेरा’ या सुगीच्या सणात दिसतो. बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरोघरी जातात. शब्दाचे मूळ लॅटिन ‘आगेर’, म्हणजे शेत, असावे आणि तो पोर्तुगीजांमार्फत आला असावा. मराठी ‘आगर’शी त्याचे साम्य उच्चारापुरते दिसते, कारण ‘आगर’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘आकर’वरून देतात. सण पोर्तुगीज काळाइतका मागे नेला जातो. नव्या पिकाचा पहिला भाग देवाला देण्याची रीत त्याहून जुनी असण्याची शक्यता आहे. वांद्र्यासारख्या ठिकाणी भातशेती उरलेली नाही, तेव्हा लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा चर्चचा सृष्टिकाळ, म्हणजे सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ, आगेऱ्याच्या आसपासच संपतो. हा योगायोग आहे, कारण सृष्टिकाळाची प्रथा अलीकडची आहे.