फॅन बेल्ट की टायमिंग बेल्ट? घरी कोणत्याला हात लावायचा

जुनी गाडी घेताना विकणारा सांगतो, ‘बेल्ट नवीन टाकलाय.’ बिलावरही बऱ्याचदा नुसतं ‘बेल्ट’ एवढंच असतं. कोणता बेल्ट, हे फार थोडे लोक विचारतात. इंजिनाला दोन वेगळ्या कामांचे बेल्ट असू शकतात. दोन्ही रबरी, दोन्ही क्रँकशाफ्टवरूनच (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावरून) फिरतात, पण त्यांच्या बिघाडात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक तुटला तर गाडी वाटेत उभी राहते. दुसरा तुटला तर बहुतेक वेळा इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागतं.

पहिला ड्राइव्ह बेल्ट. गॅरेजमध्ये याला अजून फॅन बेल्टच म्हणतात. बॉनेट उघडून इंजिनाच्या कडेला वाकून पाहिलं की तो पुल्यांवरून वळणं घेत गेलेला दिसतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि अनेक इंजिनांत कूलंट फिरवणारा वॉटर पंपही तोच फिरवतो. आतल्या बाजूला लांबीभर उंचवट्याच्या उभ्या रेघा असतात. पाठीवर ‘६ पीके १२००’ असं काही छापलेलं असेल, तर रेघा ६ आणि लांबी १२०० मिलिमीटर. नवा घेताना दुकानदाराला हाच नंबर सांगा, नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये एसी किंवा स्टिअरिंगच्या प्रकारानुसार लांबी बदलते.

टायमिंग बेल्ट प्लॅस्टिकच्या झाकणाआड असतो आणि त्याला आडवे दाते असतात. क्रँकचे २ फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा १ व्हावा, हे प्रमाण तो सांभाळतो. एखादा दाता जरी सटकला तरी व्हॉल्व्हची वेळ चुकते. बऱ्याच इंजिनांत, डिझेलमध्ये तर जवळपास सगळ्यांतच, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीनं येतात. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि वर येणारा पिस्टन त्यांना ठोकतो. व्हॉल्व्ह वाकतात.

मात्र हा बेल्ट प्रत्येक गाडीत नसतो. मारुती ८००, जुनी सँट्रो, इंडिकाचं १.४ डिझेल, डस्टरचं १.५ डिझेल यांना टायमिंग बेल्ट आहे. स्विफ्टचं के-सिरीज पेट्रोल आणि १.३ डिझेल यांना साखळी आहे. तुमच्या गाडीला साखळी असेल, तर ‘टायमिंग बेल्ट बदलून घ्या’ म्हणणाऱ्याला सरळ मॅन्युअल दाखवा.

ड्राइव्ह बेल्ट बहुतेक वेळा आधी सूचना देतो. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर किंवा एसी लावल्यावर किंचाळल्यासारखा आवाज येतो. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून, बाह्या आणि ओढणी सांभाळून, बेल्टच्या रेघांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीनं थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. आवाज बंद करायला साबण, ग्रीस, तेल लावण्याची सवय मला मुळीच पटत नाही. खरं दुखणं त्यात लपतं आणि रबर खराब होतं. हल्लीच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराला सहसा भेगा पडत नाहीत, तर रेघांमधल्या खाचा झिजून रुंद होतात. म्हणून ‘भेगा नाहीत, म्हणजे चांगला आहे’ हा जुना ठोकताळा आता धरू नये.

हा बेल्ट घरी खुशाल बदला. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, किल्ली खिशात ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इलेक्ट्रिक पंखा कधीही सुरू होऊ शकतो. काढण्याआधी बेल्टची वाट मोबाइलवर दोन-तीन कोनांतून टिपून घ्या. एकदा सुटला की कोणत्या पुलीच्या वरून आणि कोणत्याच्या खालून होता, हे आठवत नाही. काही गाड्यांत चाक काढून बाजूनं हात घालावा लागतो. तिथे गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड हवाच. ऑटो टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारी पुली) असेल तर लांब दांड्याच्या पान्यानं तो फिरवून धरायचा आणि बेल्ट सर्वांत सोप्या पुलीवरून उतरवायचा. टेन्शनर नसेल तर अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो आत ढकलायचा. काही गाड्यांना ताणून चढवायचा ‘स्ट्रेच’ बेल्ट असतो. त्याला खास टूल लागतं, स्क्रूड्रायव्हरनं ओढून चढवू नका.

बेल्ट निघाला की प्रत्येक पुली हातानं फिरवून बघा. खरखर लागली किंवा पुली डगडगली, तर बेअरिंग गेलंय आणि नवा बेल्टही लवकरच जाईल. ही दोन मिनिटांची तपासणी बरेच मेकॅनिक गडबडीत गाळतात. नवा चढवल्यावर प्रत्येक रेघ पुलीच्या खाचेत बसलीय ना, हे बोट फिरवून पाहा. अल्टरनेटर ढकलून ताण देताना मॅन्युअलमधला आकडा पाळा. घट्ट केलेला बरा, असं वाटतं खरं, पण जास्त ताणानं अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग खराब होतं.

प्रवासात बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झालं, तर हाच बेल्ट गेला असं समजा. वॉटर पंपही त्याच्यावर असेल तर तापमानाचा काटा चढू लागेल. खंबाटकीच्या चढावर ‘घाट तेवढा पार करू’ असा विचार करू नका. कडेला घ्या आणि इंजिन बंद करा, नाहीतर इंजिन तापून हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट जाईल.

टायमिंग बेल्टला बहुधा असा आवाजही येत नाही. म्हणून तो किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी पूर्ण होईल त्यावर बदलतात. आकडा इंजिनागणिक वेगळा, तो मॅन्युअलमध्येच पाहा. गाडी कमी चालली तरी रबर म्हातारं होतंच. हे काम मी घरी करू नका म्हणतो, कारण क्रँक आणि कॅमच्या पुल्यांवरच्या खुणा जुळवणं, कॅम पिन लावून अडकवणं, टेन्शनरला नेमका ताण देणं आणि शेवटी क्रँक हातानं पूर्ण २ फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासणं, यातली एक पायरी चुकली तरी स्टार्टर मारताक्षणी व्हॉल्व्ह वाकू शकतात. कामाला देताना बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) हेही बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, कारण पुढे पंप गळला तर सगळं परत उघडावं लागतं.

आणि जुन्या गाडीचा मालक ‘बेल्ट नवीन’ म्हणाला, तर बिल मागा. त्यावर टेन्शनर आणि किलोमीटरचा आकडा नसेल, तर टायमिंग बेल्ट बदलायचाच आहे असं धरून गाडीची किंमत ठरवा.