ट्रान्सफर केस : निदान व देखभाल

फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्समधून येणारी ताकद पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टांत (चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या नळ्यांत) वाटून देणारी पेटी. गॅरेजात तिला नुसते ‘ट्रान्सफर’ म्हणतात. तिच्या दांड्याच्या सहसा चार जागा असतात (‘एच’ म्हणजे हाय, ‘एल’ म्हणजे लो) : २ एच (फक्त मागची चाके), ४ एच (चारही चाके), एन (न्यूट्रल) आणि ४ एल (चारही चाके, वेग कमी, ओढ जास्त). मारुती जिप्सीच्या १.३ लिटर गाडीत ‘हाय’चे गुणोत्तर १.४०९, तर ‘लो’चे २.२६८ आहे, म्हणजे ‘हाय’मध्येही पेटी वेग थोडा घटवतेच.

१९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या, त्यांच्याबरोबर स्पायसर १८ (पुढे डाना १८ म्हणून ओळखली गेलेली) ही पेटी इकडे आली. तिच्यात मागचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या सरळ रेषेत नसतो, बाजूला असतो. त्यामुळे २ एच मध्येसुद्धा ताकद मधल्या शाफ्टवरच्या गिअरमधून फिरून जाते आणि गाडी कायम थोडी घूं-घूं करते. जुन्या जीपचा हा आवाज म्हणजे बिघाड नव्हे. तो वाढला, खरखरीत झाला, तर मात्र मधल्या शाफ्टची बेअरिंगे पाहावीत. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या शाफ्टला चेनने ताकद मिळते; त्या २ एच मध्ये शांत चालतात.

पेटीच्या नावाने येणाऱ्या पुष्कळ तक्रारी मुळात पेटीच्या नसतात. सगळ्यात नेहमीची म्हणजे ‘दांडा अडकला, ४ एच मधून निघत नाही’. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. मधले डिफरन्शियल (दोन्ही शाफ्टांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी) नसलेल्या पेटीत दोन्ही शाफ्ट एकत्र बांधलेले असल्याने हा फरक कुठेच मुरत नाही. चिखलात चाक थोडे घसरते आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तो शाफ्टांत पिळासारखा साठतो आणि दांडा घट्ट बसतो. अशा वेळी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की दांडा बहुधा आपसूक सुटतो. हातोडी घेऊन खाली शिरणारा उत्साही मदतनीस आधी आवरावा. चार टायरांपैकी दोन नवे, दोन झिजलेले असतील तरी हाच ताण येतो, तोही सरळ रस्त्यावर. उलट, ४ एच लावूनही पुढची चाके ओढत नसतील तर आधी फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाके अॅक्सलला जोडणारे-सोडणारे खटके) लॉक झाले आहेत का ते तपासावे.

आवाजाचे मूळ शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गाडी उभी, इंजिन चालू, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, आणि तरी आवाज येतोय? मग पेटी निर्दोष, कारण ती तेव्हा फिरतच नाही. आता उभ्या गाडीत ट्रान्सफर न्यूट्रलला ठेवून गिअर टाकावा. आवाज आलाच, तर तो गिअरबॉक्सचा किंवा पेटीच्या आत येणाऱ्या बाजूचा. (हे करताना चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावलीच पाहिजे. ट्रान्सफर न्यूट्रलला असताना ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्येही घरंगळू शकते.) फक्त ४ एच किंवा ४ एल मध्ये, जोर पडताच ‘कट्-कट्’ झाले तर सैल झालेली चेन दातांवरून उडी मारत असावी. ४ एल आपोआप सुटत असेल तर पेटी उघडण्याआधी तिची रबरी माउंटिंगे बघावीत. जिप्सीत पेटी गिअरबॉक्सपासून वेगळी, रबरांवर टांगलेली असते. रबर फाटले की जोर येताच ती पिळते आणि दांडा ओढला जातो.

इंजिन बंद करून गाडीखाली जावे, शाफ्टचा फ्लँज (पेटीशी जोडणारी टोकाची चकती) दोन्ही हातांनी धरून हलवावा. गोल फिरवताना थोडा प्ले (सैलपणा) असतोच. वर-खाली हलला तर बेअरिंग गेले. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम पेटीच्या मागच्या शाफ्टवरच असतो; म्हणून घाटात हँडब्रेक धरत नसेल तर त्याचे कारण कधी कधी मागच्या सीलमधून (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यातून) ड्रममध्ये उतरलेले ऑइल असते.

सील नवे टाकूनही महिन्याभरात ऑइल गळू लागले, तर ब्रीदर (पेटीतली हवा आत-बाहेर जाऊ देणारे बारीक तोंड) तुंबलेला असण्याची दाट शक्यता. कोकणातली लाल माती त्याच्या तोंडाशी वाळून बसते, गरम पेटीतला दाब बाहेर पडत नाही आणि तो सीलमधून वाट काढतो. ओढ्यात उतरल्यावर उलटे घडते : तापलेली पेटी एकदम गार होते, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढले जाते. म्हणून खोल पाण्यातून गेल्यावर ऑइल तपासावे. ते दुधट दिसले तर त्याच आठवड्यात बदलावे.

ऑइल कोणते, हे गाडीच्या पुस्तिकेतच पाहावे. गिअरच्या जुन्या पेट्यांत ८०डब्ल्यू-९० सारखे गिअर ऑइल, तर चेनच्या अनेक पेट्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑइल लागते. बदलताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडवावा. तो गंजून फिरलाच नाही आणि खालून ऑइल काढून झालेले असेल, तर गाडी जागीच अडकते. निचऱ्याच्या बोल्टवरच्या चुंबकाला करडी, मलमासारखी बारीक पूड चिकटलेली असते, ती चालते. नखाएवढा कपचा निघाला तर पेटी उघडावी लागते. नवे ऑइल भरायच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत घालायचे, गाडी सपाट जागी उभी करून. डाना १८ मध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर यांच्यामधून ऑइल एकीकडून दुसरीकडे झिरपते, म्हणून तिथे दोन्हीकडची पातळी एकाच वेळी बघतात.